विशेष आभार

त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. विचारूही नका. हयात गेली माझी परराष्ट्र खात्यात. कुठकुठल्या देशांत, आपल्या दूतावासाच्या मागच्या खोलीत बसून हरवलेले पासपोर्ट, बेवारस प्रेतं आणि तुरुंगात अडकलेली आपली माणसं, हेच केलं. शेवटी अटॅशे, म्हणजे दूतावासातला खालच्या फळीतला अधिकारी, म्हणून रिटायर झालो आणि अवसरी बुद्रुकला घरी आलो. तोंड बंद ठेवण्याचा पगार खाल्ला मी. पण आता पोटात जे साठलंय ते बाहेर काढल्याशिवाय चैन पडायची नाही. तेव्हा ऐका. देशाचं नाव तेवढं सोडून सगळं सांगतो.

शीला माझी चुलत भावजय. भाऊ गेला तेव्हा तिचा स्वराज शाळेत होता. बाईनं शेती सांभाळली, पोराला शिकवलं, आणि तो मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला लागला. गावात पेढे वाटले. पहिल्याच जहाजानं घात केला. त्या देशाच्या बंदरात जहाज अडवलं तर टाकीत चोरीचं डिझेल. मालक गायब झाला, कप्तानानं वकील लावून अंग काढून घेतलं, आणि खाली इंजिनात काळी झालेली पोरं तुरुंगात गेली. स्वराज त्यातला एक. डिझेल कुणाचं, कुठून आलं, त्याला काय माहीत? त्याला इंजिन चालू ठेवायला सांगितलं होतं, त्यानं ठेवलं.

शीला माझ्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "भावजी, तुमी असल्या कामात हयात घातली. माजं पोरगं तेवढं आना. दुसरं कायबी मागत न्हाई."

आता माझी रीत सांगतो. ती मी ज्यांच्याकडून शिकलो ते आमचे पहिले साहेब. दिसायला अगदीच साधे, बुटके, बारा महिने सर्दी. एकदा आपले कोळी हद्द ओलांडून पलीकडं पकडले गेले. साहेब रोज संध्याकाळी बंदराच्या अधिकाऱ्याकडं कॉफी प्यायला जायला लागले. बोलायचे काय, तर त्याच्या पोरीचं लग्न, खजुराचा भाव, गुडघेदुखी. कोळ्यांचा विषयच नाही. मी बाजूला बसून तळमळायचो. बरेच दिवस गेले आणि एके संध्याकाळी तो अधिकारी स्वतःच म्हणाला, "तुमची ती माणसं घेऊन जाणार का?" साहेबांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "तुमची सोय असेल तेव्हा." सुटले सगळे. पेपरात एक ओळ नाही. परत येताना गाडीत साहेब मला म्हणाले, "हौशीराम, आपण जाऊ विमानात बसून. ज्यानं दार उघडलं त्याला उद्या त्याच दारात उभं राहायचंय. त्याचं नाव आपल्या तोंडून निघता कामा नये." आहुप्याच्या देवराईत पाऊल टाकलं की माणूस आपोआप हळू बोलतो, तसं आम्ही सगळे त्या साहेबांसमोर हळू बोलायचो.

मग काळ बदलला. बदलला म्हणजे नासला. माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी शिष्टमंडळ खुर्चीवर नीट टेकलेलंही नसायचं आणि आमचा एखादा तरुण साहेब टेबलाखाली मोबाइल धरून 'चर्चा फलदायी' असं जगाला कळवून मोकळा. हस्तांदोलन एकदा माणसाशी, दोनदा कॅमेऱ्याशी. मिठी मारायची, पाठ थोपटायची, आणि कॅमेरावाले बाहेर गेले की खिशातली सॅनिटायझरची बाटली काढून हात चोळून घ्यायचे. हे मी या डोळ्यांनी बघितलंय. शिसारी यायची. पण म्हटलं, आपण रिटायर होणार, गावाला जाणार, तिथं ही घाण नाही. केवढा गाढव मी!

असो. मी फोन लावला. स्वराजला ठेवलं होतं त्या शहरात आमच्या दूतावासात पूर्वी दुभाष्याचं काम करणारा एक म्हातारा होता, माझा जुना दोस्त. त्यानं तुरुंगाच्या एका अधिकाऱ्याशी गाठ घातली. मेजर होता तो. त्याचंही नाव मी घेणार नाही, आणि का घेणार नाही ते कळेलच. आम्ही बोललो ते त्याच्या आईच्या मोतीबिंदूबद्दल. मग त्याच्या आईला आवडणाऱ्या आपल्या हापूसबद्दल. बऱ्याच फोनांनंतर तोच म्हणाला, "तो इंजिनाचा मुलगा, तुमचा कोण?" मी म्हणालो, "पुतण्या." तो म्हणाला, "मुलगा चांगला आहे. नमाजाच्या वेळी आवाज करत नाही. ईदच्या माफीत काही नावं जातात. बघू." आणि पुढं म्हणाला, "विमान सुटेपर्यंत कुणालाही कळता कामा नये. माझ्यावरही लोक आहेत."

मी शीलाला एवढंच सांगितलं की ईदपर्यंत तोंडाला कुलूप. ती म्हणाली, "भावजी, देवाला नवस बोलले तर चालंल का?" मी म्हणालो, मनात बोल.

त्या मेजरनं त्याच्या परीनं एक मोठी गोष्ट केली. एका दुपारी स्वतःच्या मोबाइलवरून स्वराजला आईशी बोलू दिलं, चेहरा दिसेल असं. मी शीलाजवळच होतो. पोरगं वाळलं होतं, पण हसत होतं. शेवटी मेजर स्वतः वाकून पडद्यात आला, छातीवर हात ठेवला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "माताजी, फिकर नहीं." तेव्हा कुठं शीला रडली. रडता रडता तिनं बोट दाबलं आणि त्या दोघांचा फोटो मोबाइलमध्ये धरला. आईच ती. मला दिसलं असतं तर मी तिथंच पुसायला लावला असता.

संध्याकाळी तो फोटो तिच्या स्टेटसला! खाली दोन जोडलेले हात, आणि स्वराजनं आईला सांगितलेलं मेजरचं नाव. मी पळत गेलो, काढायला लावला. "आवो, देवमानूस हाय तो," ती म्हणाली, "देवाचा फोटू लावायला कसली चोरी?" काढला तिनं. पण तोवर ज्याला मिळायचा त्याला तो मिळाला होता.

म्हणजे आदेशला. आदेश हा आमच्या भागातला भावी जिल्हा परिषद सदस्य. गेली कित्येक वर्षं तो भावीच आहे. वय पस्तिशीचं, दाढी कोरलेली, पांढरे कपडे, आणि मागं सतत चार जण, त्यातला एक फक्त शूटिंगला. उसात बिबट्या दिसला की वन खात्याच्या आधी आदेशचं लाइव्ह. कुणाची म्हैस विहिरीत पडली की दोर सोडायच्या आधी लाइव्ह. म्हशीला बाहेर काढताना हा मध्ये उभा, आणि काढणारे त्याच्या मागं दिसेनासे.

दुसऱ्याच दिवशी तो शीलाच्या अंगणात. ईदपासून तुरुंगाच्या नावापर्यंत सगळं तिच्या तोंडून काढून घेतलं, कांदा साठवायच्या बराखीसमोर तिला उभी केली, खांद्यावर हात टाकला आणि मोबाइलकडं बघून म्हणाला, "मी स्वतः परराष्ट्र मंत्रालयाशी बोललोय, मावशी. तुमचा लेक तो माझा भाऊ." मंत्रालयाशी बोललाय म्हणे! मंचरच्या तहसीलदाराशी बोलताना याची जीभ अडखळते.

मला कळलं तशी मी चप्पल घातली आणि पेठला गेलो. हायवेलाच त्याचं संपर्क कार्यालय आहे. भिंतीवर त्याचेच फोटो, त्याच्याच टेबलावर त्याचाच पुतळा. वाढदिवसाला कुणीतरी दिला म्हणे. मी माझा स्वभाव गिळला. इतकी वर्षं परक्यांसमोर गिळला, आता घरच्यांसमोर गिळला. म्हणालो, "आदेश, सगळं श्रेय तू घे. माझं नाव सात जन्मात येणार नाही. फक्त पोरगं विमानात बसेपर्यंत गप्प राहा. त्या अधिकाऱ्याचं नाव, फोटो, काही बाहेर येता कामा नये. आलं तर स्वराज सुटायचा नाही. कळतंय का तुला?"

"काका, बसा तरी. चहा घ्या."

"चहा नको. शब्द दे."

तो हसला. मला जगात सगळ्यात किळस कशाची येत असेल तर असल्या हसण्याची. "काका, राग मानू नका, पण तुमचा जमाना गेला. ते कानात बोलायचं, मागच्या दारानं जायचं, ते आता न्हाई चालत. आता डिप्लोमसी सगळी ओपन असते राव! एवढे मोठे मोठे देश, त्यांचे नेते आधी पोस्ट टाकतात, मग बोलायला बसतात. प्रेशर तयार व्हतं ना. पब्लिकला कळलं पायजे."

त्यातली घाणेरडी गोष्ट ही, की तो खोटं बोलत नव्हता. वरपासून हेच चाललंय. वरून जे झिरपतंय तेच पेठला येऊन साठलंय.

"शब्द दे," मी परत म्हणालो.

"दिला! ईदपर्यंत एक पोस्ट न्हाई. तुमची शप्पथ."

आणि त्यानं तो पाळला, हे लक्षात घ्या. पोस्ट टाकली नाही. ईदच्या आदल्या दिवशी सकाळी मी दुधाला निघालो तर वेशीत, बसथांब्याच्या डोक्यावर, घराएवढा फ्लेक्स. पेठला हायवेवर एक आणि मंचरला चौकात एक, हे नंतर कळलं.

"करून दाखवलं! स्वराजची घरवापसी! सातासमुद्रापार अवसरीचा झेंडा फडकवणारे भावी जि. प. सदस्य आदेशदादा यांचे हार्दिक हार्दिक अभिनंदन!" मधोमध आदेश, छातीवर हात बांधून, मागं विमान उडतंय. कोपऱ्यात स्वराज, पासपोर्टावरच्या फोटोएवढा. खाली शुभेच्छुकांची डोकी, सगळे गॉगल लावून. आणि उजवीकडं सोनेरी चौकटीत 'विशेष आभार'. त्यात तो मेजर. पूर्ण नाव, हुद्दा, तुरुंगाचं नाव आणि गाव. शीलाच्या मोबाइलमधला तोच फोटो. आणि त्याच्या टोपीवर कंप्युटरनं भगवा फेटा चढवलेला!

मी हातातली दुधाची किटली खाली ठेवली. गटाराच्या कडेला बसलो. आपल्याकडं कुणी उपकार केला की त्याचा सत्कार करायचा, शाल द्यायची, नारळ द्यायचा, त्याचं नाव वेशीत लावायचं. ही आपली चांगली रीत. तिचं यांनी काय करून ठेवलं! ज्या माणसानं छातीवर हात ठेवून एका आईला 'फिकर नहीं' म्हटलं, त्याला फेटा बांधून त्याच्याच लोकांच्या तोंडी दिला.

घरी जाऊन मी विळा आणला. या वयात बसथांब्यावर चढलो आणि फ्लेक्स फाडायला लागलो. मधोमध आदेशचं तोंड, ते आधी फाटलं. मी मेजरच्या चौकटीकडं सरकत होतो तर खालून आवाज, "अण्णा, कॅमेऱ्याकडं बघा की!" कुणीतरी शूटिंग करत होतं. मी तिथूनच शिव्या हासडल्या. त्याही त्यात आल्या. मग पेठलाही तसलाच लागलाय असं कळलं, तशी कुणाच्या तरी मोटारसायकलीवर बसून गेलो, तर तिथं हायवेला गाड्या थांबवून लोक फ्लेक्सपुढं सेल्फी काढत होते.

पोस्ट नव्हती टाकली आदेशनं. त्याला गरजच काय? ज्यांनी फोटो काढले त्यांनी टाकल्या. त्या शहरात आपल्या जुन्नर-आंबेगावची पोरं कामाला आहेत, त्यांचा ग्रुप आहे. अभिमानानं त्यांनी फ्लेक्स पुढं ढकलला. कुणीतरी मजकुराचा तिकडच्या भाषेत अर्थ लावला. संध्याकाळपर्यंत तिथल्या एका बातमीवाल्यानं छापलं की भारतातल्या पुढाऱ्यानं तुरुंगाचा अधिकारी फोडून कैदी सोडवला. पुराव्याला फोटो. फेट्यासकट.

ईदच्या दिवशी माझ्या दुभाष्या दोस्ताचा फोन आला. आवाज असा की ओळखू येईना. "हौशीराम, त्याला घरी बसवलंय. चौकशी लागली. यादीतून मुलाचं नाव काढलं. आता प्रकरण कोर्टात जाईल, कधी उभं राहील ते अल्लाला माहीत. त्याची आई मला विचारत होती, माझ्या मुलाच्या डोक्यावर ते काय बांधलं होतं?" मी फेटा म्हणजे काय ते सांगायला लागलो, तर त्यानं मध्येच तोडलं. "हा नंबर मी बंद करतोय," तो म्हणाला. "मला शोधू नकोस."

शीलाला मीच जाऊन सांगितलं. तिनं दारात पाणी शिंपडून रांगोळी काढलेली. तिला वाटलं, पोरगं निघालं हेच सांगायला आलोय. सगळं ऐकलं तिनं. आणि रांगोळीवरूनच आत निघून गेली. मला बस म्हणाली नाही.

आणि आदेश? त्याला काय फरक पडतोय? त्यानं मंचरच्या चौकात त्या देशाचा जाहीर निषेध केला. स्वागताला ठरवलेला डीजे होताच, तो निषेधाला लावला. स्वराजवर उधळायला जेसीबीभर झेंडूची फुलं सांगून ठेवलेली. ती वाया कशाला घालवायची, म्हणून आठवड्यात आलेल्या स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःवर उधळून घेतली. जेसीबीच्या त्या दातेरी फावड्यातून फुलं पडतायत आणि खाली हा हात जोडून हसतोय. ते मी मोबाइलवर पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

गावात दुसरंच शिजत होतं. माझा बसथांब्यावरचा व्हिडिओ घरोघर फिरला होता. सलूनमध्ये गेलो की गप्पा थांबायच्या. डेअरीवर एक जण तोंडावर म्हणाला, "अण्णा, येवढा राग बरा न्हाई राव. फोटू न्हाई टाकला म्हनून पोराचं नुकसान?" मला आधी कळेचना. मग कळलं. फ्लेक्सवर माझा फोटो नव्हता. म्हणून मला मिरची लागली. म्हणून मी फ्लेक्स फाडला. आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून तिकडच्या माझ्या माणसांना फोन करून मीच स्वराजचं नाव कापायला लावलं. असं आदेशच्या पोरांनी पसरवलं आणि गावानं मिटक्या मारत चघळलं. मी कुणालाही खुलासा केला नाही. कुणाला करायचा? ज्यांना माणसाच्या रागाचं एवढं एकच कारण सुचतं त्यांना?

एका दुपारी शीला आली. काखेत लांबलचक गुंडाळी. ओट्यावर टेकली नाही, उभीच राहिली.

"भावजी, माजं चुकलं," ती म्हणाली. "मी आदेशला तवाच म्हनले व्हते, आमच्या भावजींचा फोटू टाका, सगळं त्यांनीच केलंय. तो म्हनला जागा न्हाई. मला कळाया पायजे व्हतं. मी अडून बसाया पायजे व्हतं."

"शीला, काय बोलतीस तू?"

तिनं गुंडाळी खाली ठेवली आणि गुडघ्यावर बसून उलगडली. मंचरला जाऊन करून आणलेला नवा फ्लेक्स. माझ्या ओट्यावर मावेना, अर्धा अंगणात गेला. मधोमध मी. निवृत्तीच्या समारंभातला सुटातला फोटो, सुपाएवढं तोंड. डोक्यावर फेटा. 'मा. हौशीराम अण्णा यांचे विशेष आभार.' खालच्या कोपऱ्यात, माझ्या बुटाच्या बाजूला, स्वराज.

"आदेशच्यापेक्षा मोठा केलाय," ती म्हणाली. "वेशीत आजच लावती. आता राग सोडा. तुमी एक फोन करा. तुमचं ऐकत्यात ती मान्सं."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिचे हात फ्लेक्सवरून फिरत होते, स्वराजच्या तोंडावरची सुरकुती ती तळव्यानं सपाट करत होती, आणि माझी किळस कुठं ओतावी तेच मला कळेना. हिच्यावर कशी ओतू? हिला हे कुणी शिकवलं? मी, माझे साहेब, आम्ही सगळे गप्प राहून जे करत आलो, ते हिला कधी दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की ज्याचा फोटो मोठा, त्याचं काम होतं.

मी मोबाइल घेतला. म्हाताऱ्याचा तो नंबर बंद आहे हे मला ठाऊक होतं. तरी लावला. तिच्यासमोर नाही म्हणायची माझ्यात ताकद नव्हती. कानाला धरला आणि पलीकडची बाई तिकडच्या भाषेत नंबर अस्तित्वात नाही म्हणून सांगत होती ते ऐकत राहिलो.

वर पाहिलं तर शीलानंही मोबाइल उचलला होता. दोन्ही हातांनी, माझ्याकडं रोखून.

"बोला भावजी," ती म्हणाली. "आदेश म्हनला, शूटिंग केलं तरच काम व्हतं."